जाऊन येते

र्योकानच्या, म्हणजे पारंपरिक जपानी सरायीच्या, दारातल्या लाकडी पायरीवर बसून मी पायांत गेता अडकवत होते. गेता म्हणजे जाड लाकडाच्या चपला. तळाला दोन आडव्या पट्ट्या, चालताना टाक-टाक वाजणाऱ्या, आपल्या खडावांच्या लांबच्या नात्यातल्या. अंगावर युकाता हा सुती झगा, त्यावर जाड डगला. हातातल्या परडीत एक छोटा टॉवेल आणि गावातल्या सात स्नानगृहांचा पास. जानेवारीची संध्याकाळ होती, बाहेर बर्फ भुरभुरत होता. मी उठले तशा मागे गुडघे टेकून बसलेल्या बाई वाकून म्हणाल्या, "इत्तेराश्शाइमासे."

या शब्दाचा अर्थ 'जाऊन या'. जपानी घरांत रोज सकाळी तो ऐकू येतो. बाहेर पडणारा म्हणतो, 'इत्तेकिमास', म्हणजे जाऊन येते. घरात राहणारा म्हणतो, 'इत्तेराश्शाइ', म्हणजे जाऊन ये. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे मला आजीनं शिकवलं होतं. पण गेली सहा वर्षं मी पुण्यात एकटी राहते. कुलूप लावताना 'येते' म्हणायला आत कुणी नसतं. कुठल्या कुठे, जपानच्या समुद्रकाठाजवळच्या एका गावात, जिथं मी जेमतेम दीड तासापूर्वी पोचले होते, तिथं कुणीतरी मला 'जाऊन या' म्हणालं. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते ओठांवर यायला थोडा वेळ लागला.

०००

गावाचं नाव किनोसाकी. ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, तोयोओका शहराच्या हद्दीत येतं. ओसाकाहून 'कोउनोतोरी' नावाच्या एक्स्प्रेसनं पावणेतीन तास लागतात. कोउनोतोरी म्हणजे पांढरा करकोचा. हा पक्षी जपानच्या रानातून 1971 साली नाहीसा झाला, आणि तो शेवटचा उरला होता तो याच तोयोओकाच्या भातशेतांत. पुढे पिंजऱ्यात पैदास करून 2005 पासून तो पुन्हा मोकळा सोडला गेला. किनोसाकीची एक आख्यायिकाही याच पक्ष्याची आहे: जखमी पायाचा करकोचा एका जागी पाण्यात उभा राहून बरा झाला, लोकांनी तिथं पाहिलं तर जमिनीतून ऊन पाणी येत होतं. ती जागा म्हणजे आजचं कोउनोयु, सातांपैकी एक स्नानगृह.

दुसरी आख्यायिका दोचि शोनिन या साधूची. आठव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं लोकांच्या दुखण्यांसाठी हजार दिवस प्रार्थना केली आणि झरा फुटला, असं सांगतात. ती जागा म्हणजे मान्दारायु हे आणखी एक स्नानगृह. डोंगरावरचं ओन्सेनजी हे मंदिर त्याच परंपरेतलं. पूर्वी स्नानाला आलेला माणूस आधी या मंदिरात जायचा, तिथून लाकडी पळी घ्यायचा आणि मगच पाण्याशी यायचा. हे वाचताना मला वज्रेश्वरी आठवली. लहानपणी आजीच्या गुडघ्यांसाठी आम्ही तिला घेऊन तिथं जायचो. आधी देवीच्या पायऱ्या, मग अकलोलीची कुंडं. तानसा नदीकाठी वाफाळणाऱ्या त्या चौकोनी कुंडात आजी लुगड्यासकट गळ्यापर्यंत उतरायची आणि डोळे मिटून बसायची. अशा झऱ्यांत पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि खडकातल्या तड्यांतून वर येतं. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे: कोकणातल्या गावांच्या नावांतच ते 'ऊन' मुरलेलं आहे.

जपानमध्ये अशा पाण्याला ओन्सेन म्हणतात आणि त्यासाठी 1948 सालचा कायदा आहे. झऱ्याच्या मुखाशी पाणी किमान 25 अंश सेल्सियस हवं, किंवा कायद्यानं ठरवलेल्या 19 घटकांपैकी एक तरी त्यात ठराविक प्रमाणात हवा. देशभरात असे हजारो झरे आहेत. प्रत्येक स्नानगृहात पाण्याचं तापमान आणि क्षार सांगणारा तपासणीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. किनोसाकीचं पाणी सोडियम आणि कॅल्शियमच्या क्लोराइडचं. रंग नाही, ओठाला लागलं तर किंचित खारट.

०००

एकटीनं र्योकानमध्ये राहायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा नकार आला. दुसऱ्या एका गावातल्या र्योकाननं कळवलं, 'एका व्यक्तीसाठी खोली देत नाही.' वाईट वाटलं. नंतर कारण समजलं. हॉटेलात खोलीचं भाडं असतं, र्योकानमध्ये माणशी दर असतो आणि त्यात रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी दोन्ही येतं. आठ किंवा दहा तातामींची, म्हणजे तेवढ्या गवती चटयांची, खोली दोघांनी घेतली तर दोन माणसांचे पैसे, एकानं घेतली तर एकाचेच. जेवण घेऊन येणाऱ्या बाईंची ये-जा मात्र तेवढीच. त्यामुळे शनिवारी, सुट्ट्यांत आणि हंगामात एकट्या पाहुण्याला जागा मिळणं कठीण. याहून जुनी एक भीतीही होती. एकटं माणूस आडगावच्या सरायीत येतं ते जिवाचं बरंवाईट करायला, असं पूर्वी जपानमध्ये मानत. एकट्या पाहुण्याकडे चिंतेनं पाहिलं जाई.

मग जपान बदललं. 2020च्या जनगणनेत तिथली सुमारे 38 टक्के घरं एकट्या माणसाची निघाली. समाजशास्त्रज्ञ चिझुको उएनो यांचं एकट्यानं म्हातारपण जगण्याबद्दलचं पुस्तक 2007 साली आलं आणि खूप खपलं. त्याच्या नावात एक शब्द होता: 'ओहितोरीसामा'. हितोरी म्हणजे एक माणूस. त्याच्या आधी 'ओ' लागतो तो आदराचा, नंतर 'सामा' लागतं तेही आदराचं. उपाहारगृहाच्या दारात एकट्यानं गेलात की याच शब्दानं विचारतात. आपल्याकडे 'एकटी' हा शब्द बहुतेक वेळा 'च' लावून येतो: एकटीच? त्या एका 'च'मध्ये कीव असते, शंका असते, कधी काळजीही असते. जपानीनं त्याच शब्दाला दोन्ही बाजूंनी मान दिला, हे कळलं तेव्हा मला त्या भाषेबद्दल माया वाटली.

आता अनेक र्योकान आठवड्याच्या मधल्या दिवसांत एकट्यांसाठी खोल्या देतात. किनोसाकीत मला मंगळवार-बुधवारची खोली मिळाली, दर जोडीतल्या माणशी दरापेक्षा थोडा अधिक. जायचं असेल त्यांनी मंगळवार ते गुरुवार पाहावा. मासे खात नसाल तर ते आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट लिहावं, कारण तिथल्या साध्या भाजीच्या सारातही सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. ऐनवेळी सांगितलं तर स्वयंपाकघराची अडचण होते आणि पाहुण्याचीही.

०००

किनोसाकीचे लोक आपल्या गावाबद्दल सांगतात: सगळं गाव मिळून एक र्योकान आहे. स्टेशन हे दार, रस्ते या ओसऱ्या, प्रत्येक र्योकान ही एक खोली आणि सात सोतोयु ही न्हाणीघरं. सोतोयु म्हणजे बाहेरचं, सार्वजनिक स्नानगृह. इथला पाहुणा खोलीत बसून राहत नाही. युकाता घालतो, गेता घालतो, एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातो. मधून ओतानी नदी वाहते. काठाला विलोची झाडं, त्यांवर बर्फ, आणि पाण्यावर दगडी कमानींचे छोटे पूल. सगळा रस्ता गेतांच्या आवाजानं भरलेला.

ही रीत आपोआप टिकलेली नाही, त्यासाठी गाव भांडलं आहे. 1927 साली एका र्योकाननं आपल्या जागेत खोदून पाहुण्यांसाठी आतलंच गरम पाण्याचं स्नानगृह सुरू केलं. गाव बिथरलं. प्रत्येकानं आपापल्या अंगणात बोअर मारलं तर झऱ्यांचं काय होणार? पाहुणे आतच न्हाले तर रस्त्यावरच्या दुकानांचं, ज्यांच्याकडे झरा नाही अशा लहान सरायांचं काय? प्रश्न असा होता: जमीन माझी असली तरी तिच्याखालचं ऊन पाणी कुणाचं? प्रकरण न्यायालयात गेलं, मध्ये महायुद्ध होऊन गेलं आणि समझोता झाला तो 1950 साली. तेवीस वर्षं! ठरलं ते असं की पाणी गावाचं. र्योकानांना आतली स्नानगृहं चालतील, पण आकाराच्या मर्यादेत, म्हणजे सोतोयुंचं महत्त्व कमी होणार नाही. आज सगळ्या झऱ्यांचं पाणी गावाच्या सामाईक मालमत्तेचं मंडळ एकत्र करतं आणि नळांनी वाटून देतं.

विहिरीच्या वाट्यावरून भावकी कशी फुटते हे मराठी माणसाला सांगायला नको. म्हणून मला या समझोत्याचं मोल अधिक वाटलं. आणि एकटीनं फिरताना त्याचा अर्थ नीट उलगडला. पाणी प्रत्येक र्योकानच्या भिंतीआड गेलं असतं तर एकटा पाहुणा आपल्या खोलीत एकटाच राहिला असता. ते सामाईक राहिलं, म्हणून मला संध्याकाळी बाहेर पडावं लागलं आणि गावानं मला आपल्यात घेतलं.

०००

जिझोयु या सोतोयुच्या दारावर दोन पडदे होते, पुरुषांचा निळा, बायकांचा लाल. आत कपडे काढून टोपलीत ठेवायचे. सगळे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. हातात फक्त तो छोटा टॉवेल. मग बुटक्या स्टुलावर बसून, समोरच्या नळानं आणि साबणानं अंग नीट घासून धुवायचं, साबणाचा थेंब राहू द्यायचा नाही. त्यानंतरच कुंडात पाय टाकायचा. कुंड मळ काढायला नाही, पाण्यात बसायला आहे. टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही. बायका तो घडी करून डोक्यावर ठेवतात.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. इतक्या बायकांमध्ये असं उघडं बसायची वेळ आयुष्यात आली नव्हती. आजीसुद्धा कुंडात लुगड्यासकट उतरायची. पण इथं कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, आणि नजर चुकवतही नव्हतं. सिझेरियनचे व्रण, ओघळलेली पोटं, वाकलेल्या पाठी, एका तरुण आईच्या मांडीवर खिदळणारं बाळ. आपल्याही शरीराचं हेच तर झालंय, असं मनात आलं आणि खांदे सैल झाले.

पाणी चांगलंच कढत होतं. पायाला चटका बसला तशी मी थबकले. शेजारी सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मानेकडे बोट दाखवलं. केस सुटून खांद्यावर आले होते, आणि केस पाण्यात पडू द्यायचे नसतात. मी परडीकडे पाहिलं. ती बाहेर राहिली होती. आजींनी स्वतःच्या मनगटावरचं काळं रबर काढलं, ओल्या हातानं माझ्या तळहातावर ठेवलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन अंबाडा कसा बांधायचा ते दाखवलं. मी बांधला. त्यांनी मान डोलावली.

"कुठून?" त्यांनी विचारलं. एवढं जपानी मला कळत होतं.

"भारतातून."

"ओहितोरी?"

"हो. एकटीच." तो 'च' माझ्याच तोंडून गेला, मराठीतून.

त्या म्हणाल्या, "ईई वा ने." म्हणजे, छान आहे हं! आणि पुन्हा डोळे मिटून पाण्यात गळ्यापर्यंत गेल्या, थेट माझ्या आजीसारख्या. रबर परत घ्यायला त्यांनी नकार दिला. ते अजून माझ्याजवळ आहे.

जाता जाता एक सांगते. जपानमधल्या पुष्कळ ओन्सेनमध्ये अंगावर टॅटू असेल तर प्रवेश देत नाहीत, कारण तिथं तो गुन्हेगारी टोळ्यांची खूण मानला गेला. किनोसाकीच्या सोतोयुंमध्ये ही बंदी नाही. हातावर गोंदण असलेल्या आपल्या बायका इथं निःशंक जाऊ शकतात.

०००

परतले तेव्हा दारातून आवाज आला, "ओकाएरी नासाइ." आलात का घरी! ओल्या गेता कुणीतरी उचलून ठेवल्या. खोलीत जेवण मांडायची तयारी सुरू होती.

माझी खोली आठ तातामींची. विणलेल्या गवताच्या त्या चटयांना पाऊस पडून गेलेल्या गवताचा वास येतो. एका बाजूच्या कोनाड्यात लांब चित्रपट्टी आणि फुलदाणीत एकच कॅमेलिया. खिडकीशी दोन खुर्च्या. दोन खुर्च्या पाहून प्रथम थोडं टोचलं, मग एकीवर मी बसले आणि दुसरीवर डगला वाळत घातला.

र्योकानच्या जेवणात प्रत्येकाचं पान वेगळं असतं. मधोमध ठेवून सगळ्यांनी घ्यायची मोठी भांडी जवळपास नसतात. एकामागून एक छोट्या वाट्या, ताटल्या, बशा आपल्यापुढे येतात, आपल्या पंगतीतल्या पानासारख्या, जिथली जागा तिथं. त्यामुळे एकट्या माणसाचं पान अपुरं दिसत नाही. नाकाई, म्हणजे खोलीची काळजी घेणाऱ्या बाई, गुडघ्यांवर बसून एकेक पदार्थ ठेवायच्या, नाव सांगायच्या आणि निघून जायच्या. किती वेळानं परत यायचं हे त्यांना नेमकं कळत होतं. कधी घाई नाही, कधी खोळंबा नाही.

नोव्हेंबर ते मार्च इथं मात्सुबा खेकड्याचा हंगाम. हा थंड समुद्रातला लांब पायांचा नर खेकडा. जवळच्या त्सुइयामा बंदरावर उतरलेल्या खेकड्याच्या पायाला निळी पट्टी बांधतात. माझ्या ताटातल्या खेकड्यालाही ती होती. मी मालवणी घरातली, कुर्ल्या फोडत वाढलेली. पण आमच्या वाटपाच्या तिखटजाळ रशाखाली खेकड्याची मूळ चव इतकी गोड असते, हे मला तिथं कळलं. एक पाय कच्चा, एक निखाऱ्यावर भाजलेला, बाकीचे माझ्यापुढच्या छोट्याशा भांड्यात भाज्यांबरोबर उकळत. शेवटी नाकाईबाईंनी त्या उरलेल्या पाण्यात भात घातला, अंडं फेटून सोडलं, झाकण ठेवलं आणि थोड्या वेळानं मऊ, दाट झोसुइ वाटीत वाढलं. पहिला घोट घेतला आणि पेज आठवली, तापातून उठल्यावर आई द्यायची ती.

जेवणानंतर पुन्हा एक सोतोयु करून आले तोवर टेबल बाजूला सरकवून गादी घातलेली होती. उशाशी पाण्याचा तांब्या आणि पेला.

०००

या गावात एकट्यानं येण्याची परंपरा जुनी आहे. लेखक नाओया शिगा ऑगस्ट 1913 मध्ये तोक्योत लोकलच्या धडकेत जबर जखमी झाले आणि ऑक्टोबरात बरे व्हायला किनोसाकीला येऊन राहिले, साधारण तीन आठवडे, एकटे. त्या अनुभवावरची 'किनोसाकी नि ते' ही छोटी कथा 1917 साली छापून आली. त्यात घडतं फार थोडं. छपरावर मेलेली मधमाशी, नदीत जिवाच्या आकांतानं धडपडणारा उंदीर, आणि सहज भिरकावलेल्या दगडानं मरून गेलेला एक न्यूट, पालीसारखा दिसणारा पाण्याकाठचा जीव. मरणाजवळून परतलेला माणूस हे पाहत राहतो आणि जगणं नि मरणं यांत आपल्याला वाटतं तेवढं अंतर नाही, असं त्याला जाणवतं. सोबत कुणी असतं तर त्या मधमाशीकडे त्यांचं लक्ष गेलं असतं का, असं मला रात्री नदीवरच्या पुलावर उभं राहून वाटलं.

ज्या गावात शिगा राहिले ते गाव मात्र आता नाही. 23 मे 1925 रोजी सकाळी 11 वाजून 9 मिनिटांनी भूकंप झाला. दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या. आग लागली आणि लाकडाचं गाव जळून गेलं. या भागात चारशेहून अधिक माणसं गेली. नंतर गाव पुन्हा उभं केलं ते रस्ते रुंद करून, आगीला अडवायला मध्ये मध्ये काँक्रीटच्या इमारती बांधून, आणि बाकीची घरं मुद्दाम पूर्वीसारखीच लाकडाची ठेवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मारुयामा नदीपलीकडची गेनबुदो गुहा पाहायला गेले. तिथं बेसाल्टचे षट्कोनी खांब डोंगरातून उभे आहेत. जपानीत बेसाल्टला 'गेनबुगान' म्हणतात ते या गुहेवरून. याच खडकाचा अभ्यास करून मोतोनोरी मात्सुयामा यांनी 1929 साली मांडलं की पृथ्वीचं चुंबकत्व एकेकाळी उलट्या दिशेचं होतं. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टवर वाढलेल्या मला तो दगड ओळखीचा वाटला. मी हात लावून पाहिला. तो थंडगार होता.

०००

शेवटच्या सकाळी सातला इचिनोयु हे सोतोयु उघडतं तेव्हा मी दारात होते. तिथं पहिल्या येणाऱ्याला 'इचिबानफुदा' म्हणजे पहिल्या क्रमांकाची चकती मिळते. ती माझ्या आधी आलेल्या एका बाईंना मिळाली. त्यांनी ती मला दाखवली, आम्ही दोघी हसलो आणि वाफेत शिरलो.

दहाला खोली सोडायची होती. बिल चुकतं केलं. त्यात दिवसाचा 150 येनचा स्नानकर वेगळा लिहिलेला होता. सामान घेऊन दाराशी आले. माझे बूट बाहेर काढून, टाचा माझ्याकडे करून, नीट जोडून ठेवले होते. ओकामी, म्हणजे र्योकानच्या मालकीणबाई, आणि नाकाईबाई दोघी माझ्याबरोबर बाहेर रस्त्यावर आल्या. बर्फ थांबला होता. विलोच्या फांद्यांवरून पाणी ठिबकत होतं.

निरोपाचा शब्द कुठला असेल याचा मी मनात विचार करत होते. सायोनारा म्हणतील असं वाटलं होतं. दोघी कमरेतून खोल वाकल्या आणि म्हणाल्या, "इत्तेराश्शाइमासे."

जाऊन या.

या वेळी मला शोधावं लागलं नाही. "इत्तेकिमास," मी म्हणाले. आणि बॅगेचं हँडल धरताना, सवय मोडून सहा वर्षं झाली होती तरी, मराठीतही आपसूक निघून गेलं, "येते हं."

पुलाच्या वळणावरून मागे पाहिलं. त्या दोघी अजून उभ्या होत्या.